बरोबरीनंतरचा निकाल

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी त्यातील आकडेमोड थोडी सविस्तर दिली आहे.)



पारितोषिक समारंभात जिंकणाऱ्यांचे कौतुक करावे असा रिवाज आहे. ते कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मी आज अशा खेळाडूंविषयी बोलणार आहे, जे हरले नाहीत, तरीही मागे राहिले. दोन संघांचे गुण सारखे होतात, जागा मात्र एकच असते. मग पुढे कोण जाणार, आणि हे ठरवायचे कशावरून? प्रश्न लहान दिसतो, पण त्यात न्यायाचा एक मोठा धडा दडलेला आहे. तो धडा मला पुस्तकातून मिळाला नाही. स्वतःच्या चुकीतून मिळाला. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी कबड्डीचा संघ घेऊन मी एका स्पर्धेला गेलो होतो. माझा विषय मराठी. खेळाची आवड म्हणून संघाबरोबर जाण्याचे काम माझ्याकडे आले होते. गट चार संघांचा होता आणि गटातून एकच संघ पुढे जाणार होता. शेवटचा सामना गटातील सर्वांत दुबळ्या संघाशी होता. मध्यंतरापर्यंत आमच्या मुलांनी भक्कम आघाडी घेतली. मला वाटले, सामना तर खिशात आहे; राखीव मुलांनाही संधी मिळू दे. मी तीन चांगले खेळाडू बाहेर बसवले. सामना आम्ही जिंकलो, पण जेमतेम चार गुणांनी. संध्याकाळी तक्ता लागला, तेव्हा आमचे आणि आणखी एका शाळेचे साखळी गुण सारखे झाले होते. त्या शाळेला आम्ही आदल्या दिवशी हरवले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे गेली ती शाळा.

आमच्या संघाचा कप्तान माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, त्यांना तर आपण हरवलं होतं ना? मग ते पुढे आणि आपण घरी, हे कसं?" मी संयोजकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे परिपत्रक काढून दाखवले. गुण समान झाल्यास सर्व सामन्यांतील गुणांचा फरक पाहिला जाईल, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. तोच कागद सकाळपासून घडी घालून माझ्या खिशात होता! मी तो वाचलाच नव्हता. चूक संयोजकांची नव्हती, पंचांची नव्हती, मुलांची तर नव्हतीच. चूक माझी होती. त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

आता कोणी म्हणेल, खेळ तो खेळ, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? पण मित्रहो, आपल्या शालेय स्पर्धांची वाट तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नाशिक विभागाला आणि तेथून राज्याला जाते. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाशी दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण जोडलेले आहेत. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. एका पायरीवर थांबलेला मुलगा त्या वर्षापुरता पुढच्या सर्व पायऱ्यांना मुकतो. शेतमजुराच्या किंवा हातगाडीवाल्याच्या मुलासाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही.

प्रथम मानांकन म्हणजे काय, ते पाहू. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सर्व संघांच्या चिठ्ठ्या सरसकट टाकल्या, तर दोन बलाढ्य संघ पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर यायचे आणि त्यांतला एक सकाळीच घरी जायचा. हे टळावे म्हणून चांगल्या संघांना क्रमांक देऊन तक्त्यात दूर दूर बसवतात. पहिला वरच्या अर्ध्यात, दुसरा खालच्या अर्ध्यात. अकरा संघ असतील तर तक्ता सोळाचा होतो आणि पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. ही पुढे चाल बहुधा वरच्या मानांकनाच्या संघांना देतात. म्हणजे दुसरा क्रमांक की तिसरा, एवढ्या फरकाने एक सामना कमी-जास्त होतो किंवा प्रतिस्पर्धी बदलतो.

बलवानाला बलवानाशी आणि नवख्याला नवख्याशी लढवावे, ही दृष्टी नवी नाही. 'सहीह बुखारी'मध्ये हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, तेव्हा तयार केलेल्या घोड्यांसाठी हफ्यापासून सनिय्यतुल विदापर्यंतचा लांब पल्ला ठेवला, आणि तयार न केलेल्या घोड्यांसाठी सनिय्यापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतचा जवळचा. ज्याची जशी तयारी तसे त्याचे मैदान, आणि हे शर्यत सुटण्याआधी ठरलेले. मानांकनाचे मर्म याहून वेगळे ते काय?

आपल्या महाविद्यालयीन खेळातही हेच सूत्र चालते. खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा खेळत. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. महाविद्यालयांच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागात खेळायला जातो. अनेक सांघिक खेळांत विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. चौथा आणि पाचवा यांच्यामधली रेघ किती बारीक असते, हे तेथे खेळून आलेल्यालाच कळते.

आता कागद-पेन्सिल घ्या. आपण एक काल्पनिक गट मांडू. कबड्डीचे चार संघ आहेत: जळगाव, धुळे, अमळनेर आणि नंदुरबार. जळगावने धुळ्याला ३०–२५ असे हरवले. धुळ्याने अमळनेरला २८–२६ असे हरवले. अमळनेरने जळगावला ३१–३० असे हरवले. नंदुरबारला तिघांनीही हरवले: जळगावने ४०–३०, धुळ्याने ४५–२० आणि अमळनेरने ३५–२९. तिघांचेही दोन विजय आणि एक पराभव. पुढे दोनच संघ जाणार आहेत. कोणते?

पहिला नियम लावू: सर्व सामन्यांतील गुणांचा फरक. जळगाव अधिक १४, धुळे अधिक २२, अमळनेर अधिक ५. धुळे पहिले, जळगाव दुसरे, अमळनेर बाहेर.

दुसरा नियम लावू: बरोबरीत असलेल्या तिघांचे आपसांतील सामनेच धरायचे, नंदुरबारचे सोडायचे. जळगाव अधिक ४, अमळनेर उणे १, धुळे उणे ३. जळगाव पहिले, अमळनेर दुसरे, आणि मघाशी पहिले असलेले धुळे बाहेर!

तिसरा नियम तर आणखी गमतीचा आहे. आपसांतील फरकाने जळगाव पहिले ठरले, येथवर मान्य. पण आता बरोबरीत दोघेच उरले, तेव्हा त्यांचा हिशेब पुन्हा पहिल्या पायरीपासून करायचा, म्हणजे त्या दोघांमध्ये कोण जिंकले ते पाहायचे. धुळ्याने अमळनेरला हरवले होते. म्हणून धुळे आत, अमळनेर बाहेर.

सामने तेच, घाम तोच, पंच तेच. नियम बदलला की माणसे बदलली. आता मला सांगा, यांतला खरा न्याय कोणता? पहिल्या नियमाच्या बाजूने म्हणता येईल की प्रत्येक सामन्यात शेवटच्या चढाईपर्यंत झटणाऱ्याला फळ मिळते. दुसऱ्याच्या बाजूने म्हणता येईल की दुबळ्या संघाची धुलाई करून पुण्य का मिळावे? तिसऱ्याच्या बाजूने म्हणता येईल की समोरासमोर जिंकलेल्याला मागे कसे ठेवायचे? तिन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच सामने संपल्यावर यांतला एक नियम निवडायला बसलो, तर तो न्याय राहत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचा कौल होतो.

दोघांच्या बरोबरीत "समोरासमोर कोण जिंकले" हा प्रश्न सोपा असतो. तिघांचे असे रिंगण झाले की तो निरुत्तर होतो. अमेरिकेत महाविद्यालयांचे मोठमोठे गट आहेत. त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. तेथे बरोबरी सोडवण्याच्या पायऱ्या ओळीने छापलेल्या असतात. २००८ साली त्यांच्या 'बिग ट्वेल्व्ह' गटात अमेरिकन फुटबॉलमध्ये हुबेहूब असेच रिंगण झाले. टेक्ससने ओक्लाहोमाला ४५–३५ असे हरवले, टेक्सस टेकने टेक्ससला ३९–३३ असे हरवले आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६५–२१ असे हरवले. तिघांचेही गटातले सात विजय आणि एक पराभव. पायऱ्या उतरत उतरत निर्णय देशव्यापी क्रमवारीवर आला. ती क्रमवारी मतदान आणि संगणकाचा हिशेब यांच्या मिश्रणातून बनत असे. तिच्यात ओक्लाहोमा वर होते, म्हणून ओक्लाहोमा गटाच्या अंतिम सामन्याला गेले. ज्यांनी त्यांना मैदानात हरवले होते, ते टेक्सस घरी बसले. माझ्या कप्तानाचा प्रश्न तिकडेही विचारला गेला असेल, यात मला शंका नाही.

फरक घ्यायचा की गुणोत्तर, हाही एक प्रश्न आहे. एका संघाने चार गोल केले आणि दोन खाल्ले. गुणोत्तर दोन, फरकही दोन. दुसऱ्याने दहा केले आणि सहा खाल्ले. गुणोत्तर दोनाहून कमी, फरक मात्र चार. गुणोत्तर लावले तर दार लावून बसणारा जिंकतो; फरक लावला तर खुलेपणाने खेळणारा. फुटबॉलच्या विश्वचषकात १९७० पासून गोलफरक आला तो बहुधा याच विचाराने. इंग्लंडच्या लीगने तो १९७६ मध्ये स्वीकारला. व्हॉलीबॉलमध्ये सेटचे आणि गुणांचे गुणोत्तर पाहतात. आपल्या रणजी स्पर्धेच्या साखळीत धावा आणि बळी यांच्या भागाकाराचा उपयोग होत आला आहे. आपले देशी खेळही मागे नाहीत. कबड्डीच्या बाद सामन्यात बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया देतात आणि त्यानेही भागले नाही तर सुवर्ण चढाई. खो-खोमध्ये जादा डाव असतो. त्याला अलाहिदा डाव म्हणतात. आपल्या घरात रोज बोलला जाणारा शब्द खो-खोच्या मैदानावर ऐकला की मला फार बरे वाटते! त्यानंतर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी किती वेळात बाद केला, त्यावर निकाल.

नियम चांगला की वाईट हे ओळखण्याच्या, माझ्या अल्पमतीप्रमाणे, तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी: नियम आधी जाहीर झालेला असावा आणि सर्वांना कळलेला असावा. २०२४-२५ ची रणजी स्पर्धा आठवा. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा पुढे जातो, हा तेथला जुना नियम. पुण्याला केरळने जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना २८१ चे उत्तर दिले. आघाडी एका धावेची! शेवटच्या जोडीला घेऊन सलमान निझार लढला होता. पुढे अहमदाबादला केरळच्या ४५७ समोर गुजरात ४५५ वर बाद झाले. फलंदाजाचा फटका जवळ उभ्या असलेल्या त्याच सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि झेल झाला. आघाडी दोन धावांची. अंतिम सामना नागपूरला झाला. तोही अनिर्णित राहिला, पण या वेळी ३७ धावांची आघाडी विदर्भाकडे होती आणि करंडक विदर्भाने नेला. ज्या नियमाने केरळला दोनदा तारले, त्याच नियमाने शेवटी त्यांना थांबवले. पण पहिल्या चेंडूपासून एकेका धावेचे मोल दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ते ठाऊक होते म्हणूनच अकरावा गडीसुद्धा जिवाच्या कराराने उभा राहिला.

दुसरी कसोटी: नियमाचा खेळातील गुणवत्तेशी संबंध असावा. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, जादा षटकही बरोबरीत सुटले. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. इंग्लंड विजेते. नियम छापलेला होता, तक्रारीला जागा नव्हती. पण पळून काढलेली धाव चौकाराच्या धावेपेक्षा हलकी कशी, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. त्याच वर्षी तो नियम बदलण्यात आला आणि निकाल लागेपर्यंत जादा षटके खेळवावीत असे ठरले.

तिसरी कसोटी: नियमाने कोणाला लबाडीचा मोह पडू नये. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला २–१ असे हरवले होते. गटातला आपला शेवटचा सामना अल्जीरिया आदल्या दिवशीच खेळून बसले. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले ते नेमके गणित माहीत करून: जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. तिघांचे गुण सारखे झाले, गोलफरकात अल्जीरिया बाहेर गेले. नियमभंग कोणीच केला नव्हता. न्याय मात्र मेला होता. पुढच्या, १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेतही, मैदाने दोन असतील तर हे करता येण्यासारखे आहे.

आणि सर्व पायऱ्या संपल्यावर? मग चिठ्ठी. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात आयर्लंड आणि हॉलंड यांचे गुण सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले गोल सारखे, आपसांतला सामनाही १–१. चिठ्ठी टाकली. आयर्लंड दुसरे आले, त्यांना रुमानिया मिळाला आणि ते पुढे गेले. हॉलंड तिसरे आले, त्यांना पश्चिम जर्मनी मिळाली आणि ते तेथेच थांबले. चिठ्ठीला काही जण जुगार समजतात. तसे नाही. जुगारात माणूस दुसऱ्याच्या हक्काचे लुटायला बसतो. येथे दोघांचा हक्क तंतोतंत सारखा असतो, आणि कोणाच्याही मर्जीला वाव राहू नये म्हणून चिठ्ठी टाकतात. हजरत मरियम यांचा सांभाळ कोणी करावा, हे कलमे टाकून ठरले, याचा उल्लेख सूरह आले-इम्रानमध्ये आहे. सफरीला जाताना सोबत कोणाला न्यावे, यासाठी रसूलुल्लाह (सल्ल.) आपल्या पत्नींमध्ये कुरआ टाकत असत. चिठ्ठी ही शेवटची पायरी म्हणून उत्तम. पहिली पायरी म्हणून मात्र आळसाची.

विद्यार्थी मित्रहो, बरोबरी फक्त मैदानावर होत नाही. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीतही ती होते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत अलीकडच्या वर्षांत दोघांचे एकूण गुण सारखे झाले, तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. हे माहितीपत्रकात छापलेले असते. पण आपल्यातील किती पालक आणि किती शिक्षक ते पान उघडतात? अन्याय झाला, असे आपण पुष्कळदा म्हणतो, आणि कधी कधी तो खरोखरच होतो. परंतु नियम वाचलेल्या माणसाचीच तक्रार ऐकली जाते. न वाचलेल्याची तक्रार म्हणजे केवळ हळहळ. माझी त्या संध्याकाळी झाली तशी.

म्हणून माझ्या शिक्षक बांधवांना एक विनंती आहे. संघ घेऊन निघण्यापूर्वी परिपत्रक कप्तानाला मोठ्याने वाचायला लावा. शेवटच्या सामन्याआधी गटाचा तक्ता फळ्यावर मांडा. किती फरकाने जिंकायचे आहे ते मुलांनाच काढू द्या. गणिताचा तो तास ती कधी विसरणार नाहीत. आणि आपण संयोजक असू, तेव्हा बरोबरीच्या सर्व पायऱ्या, अगदी शेवटच्या चिठ्ठीपर्यंत, पहिल्या सामन्याआधी फलकावर लावा. तिघांच्या रिंगणात एक सुटल्यावर उरलेल्या दोघांचे काय, हे वाक्य त्यात विसरू नका. भांडण नेमके तेथेच होते.

तो कप्तान आता मोठा झाला आहे. गेल्या वर्षी तो भेटला, तेव्हा त्याच्या मोहल्ल्यातील मुलांची स्पर्धा तोच भरवत होता. त्याने मला नियमांचा कागद दाखवला. बरोबरीच्या पायऱ्या सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिलेल्या होत्या. मी काही बोललो नाही. तोही काही बोलला नाही, नुसता हसला.

माझे उत्तर त्याला उशिरा मिळाले. तुमच्या मुलांना ते वेळेवर मिळो, एवढीच दुआ करून मी माझे दोन शब्द पुरे करतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.